शेरा

पुलाच्या तिसऱ्या खांबावर पट्टी आहे,
लुमाण्णाकाकांनी रंगवलेली.
सात त्यांनी कानडीतला काढला, आठ मराठीतला.
साहेब ओरडले, मग सगळेच आकडे इंग्रजी झाले.
पण उन्हात वरचा रंग पोपडे धरतो
आणि एप्रिलात खालून
जुना सात परत वर येतो.

सकाळी सहा, संध्याकाळी सहा
मी दूधगंगा वाचतो.
पहिला फोन चिकोडीला. ‘नीर एष्ट ऐती?’
दुसरा काळम्मावाडीला. ‘किती हाय रं?’
एकच पाणी, दोनदा सांगायचं.

यंदा फाल्गुनातच पट्टी कोरडी.
शून्याच्या खालीही नदी असते,
डबक्यांची, म्हशींची, खेकड्यांची,
पण तिला वहीत रकाना नाही.

मग कुठंशी बैठक झाली.
पाणी सोडायचं ठरलं, फक्त प्यायला.
प्यायला म्हणजे उसाला नाही.
म्हणून लाईनमन इरगोंडा खांबाखांबावर चढला,
दोन्ही काठांच्या मोटारींचे फ्यूज काढले
आणि आठ दिवसांसाठी पिशवीत घालून घेऊन गेला.
चालताना पिशवी कपबश्यांसारखी वाजत होती.

काठ इतका गप्प मी कधी ऐकला नव्हता.
पलीकडच्या गोठ्यातली साखळीसुद्धा कळायची.

पाणी तिसऱ्या रात्री आलं.
पुढे फेस, बाटल्या, एक चप्पल,
वाळूला वाट विचारत.
सकाळी दोन फूट चार इंच.
खालच्या गावाहून सुवर्णाताईंचा फोन,
टाकीवर वॉल्व सोडतात त्या:
‘कवा पोचंल हो? माणसं दमून घरला गेल्यात,
रांगंत नुसती भांडी हुबी हायत.’
उद्या दुपारी, म्हटलं. हिशेब सोपा होता.

त्या रात्री एक वाजता इंजिन लागलं.
डिझेलचं, करंजाच्या आड.
मग दुसरं. मग मी मोजणं सोडलं.
पहिलं मात्र ओळखलं.
चौथ्या ठोक्याला अडखळणारं इंजिन
या काठाला एकच आहे,
त्याची रिंग बदला म्हणून
बायको दोन वर्षं सांगते आहे.
थोरल्याची खाट रिकामी होती.

मी उठलो नाही.
उसाचं पान रात्री उलगडताना आवाज होतो म्हणतात,
तो येतो का, ऐकत पडलो.

सकाळी एक फूट साडेतीन.
घट असली की कारण द्यावं लागतं.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
बाष्पीभवन.
दोन्हीकडच्या साहेबांनी सह्या केल्या.
रात्रीतून ऊन कुठून आलं,
कुणी विचारलं नाही.

दुपारी ठरल्या वेळी सुवर्णाताईंचा फोन.
त्या काही बोलल्या नाहीत.
मागून आवाज येत होता फक्त,
रांग मोडून कुणी रिकामी कळशी उचलल्याचा.

आता श्रावण. पट्टी गळ्यापर्यंत बुडाली.
दर तासाला दोन्ही फोन,
वरून किती सुटलं, खाली अलमट्टीत किती धरलं,
आणि पुलावर पोलिसाची एक शिट्टी.
शेरा लिहायला सवड नाही.

काल सुवर्णाताई म्हणाल्या, जॅकवेलात गाळ शिरलाय,
‘पाणी उंबऱ्यात हाय, घोटभर प्यायला न्हाई.’
वहीत कारण काय घालू, मी विचारलं.
थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू आला.
‘घाला की, बाष्पीभवन.’
त्या पानाची झेरॉक्स म्हणे एप्रिलपासून
त्यांच्या पंचायतीच्या भिंतीवर आहे.

बॅटरी घेऊन मी पुलाकडे निघालो.
अंगणात थोरला इंजिन उचलत होता,
पाणी शिरायच्या आत ओट्यावर ठेवायला.
एकट्याला ते हलत नाही.
बॅटरी दातात धरली
आणि दुसरी बाजू उचलली.